बेडकीचा चुकलेला ठोका

"मिठू, रविवारचं जेवण तुझ्याकडे! आणि गाडी मी स्वतः चालवत आणणार!"

दातांच्या डॉक्टरांनी फोनवर अशी घोषणा केली, तेव्हा पलीकडून त्यांच्या मुलीचा सुस्कारा स्पष्ट ऐकू आला.

"बाबा, बसने या ना."

"दारात गाडी असताना बस?"

"ती गाडी माझ्याहून वयाने मोठी आहे!"

"आणि तुझ्यापेक्षा कमी कुरकुर करते!"

वाक्य झोकात झालं, डॉक्टर स्वतःवरच खूश झाले. पण त्यात काडीचंही तथ्य नव्हतं. गाडी गेला आठवडाभर कुरकुरतच होती. सकाळी सुरू व्हायला दहा वेळा विनवण्या करून घ्यायची, आणि सुरू झालीच तर उचकी लागल्यासारखी धक्के देत जायची. परवा तर चढावर ती अशी काही दमली की मागून आलेल्या सायकलवाल्याने डॉक्टरांकडे बघून चक्क टाळ्या वाजवल्या.

गाडी गोल पाठीची, डोळे वटारलेली. इंजिन मागे, सामान पुढे. पाण्याची भानगडच नाही. वारा लागला की इंजिन थंड होणार. डॉक्टरांच्या बायकोने ती दारात आली त्याच दिवशी तिचं बारसं केलं होतं, 'बेडकी' म्हणून. बायको जाऊन आता तीन वर्षं होत आली. घरात बोलायला म्हणून उरली ती बेडकीच. पुढे दवाखानाही बंद केला, आणि उरलंसुरलं बोलणंही आटलं. दवाखान्यात कसं, समोरचा माणूस तोंड उघडून बसायचा आणि डॉक्टर एकटेच बोलत राहायचे. समोरच्याला उत्तर द्यायची सोय नसल्यामुळे आपण गप्पांमध्ये फार रंगत आणतो, अशी डॉक्टरांची आयुष्यभर समजूत होती. दवाखाना बंद झाल्यावर लोकांची तोंडं मिटली, आणि ती मिटलेली असताना त्यांच्याशी काय बोलायचं, हे काही डॉक्टरांना सुचेना.

म्हणून रविवार महत्त्वाचा. मिठूचं शहर पाच तासांवर. नातीने फोनवर बजावलं होतं, "आजोबा, बेडकी आणायची! मी मैत्रिणींना सांगून ठेवलंय!" आता नात वाट बघत असताना आजोबा बसमधून पिशवी घेऊन उतरले, तर काय इज्जत राहणार?

शुक्रवारी सकाळी डॉक्टर बाह्या सरसावून गॅरेजात उतरले. दोष कुठे आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. डिस्ट्रिब्युटर! म्हणजे चार सिलिंडरांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा मुठीएवढा डबा. एखाद्याच्या वाट्याची ठिणगी चुकली की गाडी उचकी देते. वरचं झाकण काढलं, की आत रोटर नावाचा एक लहानसा तुकडा गरगर फिरतो आणि त्याच्याखाली दोन बारीक पॉइंट उघडमीट करत असतात.

"हे तर तोंडच आहे!" डॉक्टर मोठ्याने म्हणाले. "काळे पडलेले दात, मधली फट वाढलेली. असली तोंडं मी झोपेतसुद्धा दुरुस्त केली आहेत!"

त्यांनी दवाखान्याची जुनी पेटी उघडली. दातांचा छोटा आरसा, टोकदार सळई, घासायची कानस, सगळं फडक्यावर ओळीने मांडलं. आरसा आत घालून पाहिलं. पॉइंट काळेकुट्ट झालेले. झाकणाला केसासारखी बारीक तडाही दिसली. सवयीने तोंडातून "आ करा, अजून थोडं" असंही निघून गेलं.

तरी एकदा मिस्त्रींना विचारलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं. मिस्त्री म्हणजे बेडकीचे जन्माचे मेकॅनिक. आता ते मुलाकडे दुसऱ्या गावी राहायला गेले होते, कानाने कमी ऐकायचे, म्हणून फोनऐवजी आवाजाचे निरोप पाठवायची पद्धत पडली होती. नातू ते मोठ्याने लावून द्यायचा. डॉक्टर स्वयंपाकघरात आले. चष्मा कपाळावर होता, हात काळे होते, म्हणून करंगळीने फोन उघडला, 'मि' वर बोट टेकवलं आणि बोलायला लागले :

"नमस्कार, डॉक्टर बोलतोय. काही खरं नाही हो! सकाळी सुरुवातच होत नाही. झालीच तर थोडा वेळ नुसती धडधड, मग मधेच ठोका चुकतो. चढ लागला की जीवच जातो. आज आतून नीट तपासलं. सगळं काळं पडलंय, एक तडाही दिसतेय. नवीन बसवता येतं म्हणतात, पण इतक्या वयाला मिळायचं कुठे? आहे तेच घासूनपुसून चालवायचं, चालेल तितके दिवस. एक मात्र करा, मिठूला यातलं अक्षर कळू देऊ नका. उगाच घाबरेल. रविवारी तिच्याकडे जायचंय, तोवर तग धरेल असं काहीतरी सांगा."

निरोप गेला. डॉक्टरांनी फोन चार्जिंगला लावला आणि शीळ घालत गॅरेजात परतले.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. फोनमध्ये 'मिस्त्री'च्या अगदी वर कोण? 'मिठू'!

पुढचा तासभर डॉक्टरांचा फार आनंदात गेला. त्यांनी पॉइंट घासले, पातळ पट्टी घालून मधली फट बेतशीर केली. रोटर काढून फडक्याने पुसला आणि हरवू नये म्हणून शर्टाच्या खिशात टाकला. झाकण आतून लखलखीत केलं, बसवलं, चारही वायरी जागच्या जागी खोचल्या. मग सीटवर बसून त्यांनी समोरच्या भिंतीला म्हटलं, "बघा हं आता!"

किल्ली फिरवली. खर्र... खर्र... खर्र... पुढे काही नाही.

आधी निदान उचक्या तरी देत होती! आता चक्क मौनव्रत!

डॉक्टरांनी प्लग काढून पुसले. खर्र. कॉइलच्या वायरी तपासल्या. खर्र. पेट्रोल पाहिलं, बॅटरी पाहिली, टायरमधली हवासुद्धा पाहिली. सगळी बेडकी तपासली, फक्त एक जागा सोडून. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काही त्यांनी पुन्हा उघडलं नाही. ते काम स्वतः केलेलं होतं ना, तिथे चूक असणार कशी! शेवटी खालून एखादी वायर निसटली आहे का ते बघायला डॉक्टर गाडीखाली शिरले आणि फक्त पाय बाहेर राहिले.

इकडे मिठूने ऑफिसात निरोप ऐकला. एकदा ऐकला, उभी राहिली. दुसऱ्यांदा ऐकला, खाली बसली. 'मिठूला कळू देऊ नका' म्हणजे हा निरोप बाबांनी त्यांच्या कुठल्या तरी डॉक्टर मित्राला पाठवला होता आणि चुकून आपल्याकडे आला, हे तिच्या लगेच लक्षात आलं. हुशार मुलगी! तिने फोन लावला. स्वयंपाकघरात तो वाजून वाजून थकला. दुसरा लावला, तिसरा लावला. मग तिने बाबांच्या वरच्या मजल्यावरच्या गाणाऱ्या बाईंना फोन केला आणि स्वतः टॅक्सी बघायला धावली.

गाणाऱ्या बाई घरी गाण्याचा क्लास घ्यायच्या. बेडकीचा धूर थेट त्यांच्या खिडकीतून विद्यार्थिनींच्या घशात जायचा, त्यामुळे डॉक्टरांशी त्यांचं बोलणं बंद होतं. पण प्रसंग प्रसंग असतो! त्या धावत खाली आल्या, गॅरेजचं दार ढकललं, आणि गाडीखालून बाहेर आलेले दोन निश्चल पाय बघितले.

"डॉक्टऽऽऽर!"

आयुष्यभराची तालीम त्या एका हाकेत उतरली. डॉक्टर दचकले आणि त्यांचं कपाळ इंजिनच्या बुडावर ठण्णकन आपटलं.

"आई गं!"

"दुखतंय? कुठे? छातीत?"

"डोक्यात!"

"बाप रे! डोक्यापर्यंत गेलं!"

डॉक्टर सरपटत बाहेर आले. चेहरा लाल, हात काळे, कपाळावर टेंगूळ. बाईंनी त्यांना धरून एका डब्यावर बसवलं. इतक्या महिन्यांनी कुणीतरी समोर बसून 'काय होतंय' असं विचारत होतं. डॉक्टरांनाही राहवेना.

"काय सांगू बाई! वरून सगळं ठीकठाक दिसतंय, पण आतून ठिणगीच येत नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं बोलू नका, डॉक्टर. या वयात वाटतं असं सगळ्यांनाच."

"किती प्रयत्न केले सकाळपासून! नुसतं खर्र खर्र करतं आणि गप्प बसतं."

"छातीत खरखर होतेय!" बाई फोनवर कुणाला तरी ओरडल्या. "हो, शुद्धीवर आहेत! लवकर पाठवा!" मग डॉक्टरांकडे वळून हळूच म्हणाल्या, "वहिनी गेल्यापासून तुम्ही किती एकटे पडलात, मला काय दिसत नव्हतं? पण माझं मेलं ते धुराचं भांडण."

डॉक्टर चमकले. ठिणगीवरून गोष्ट इथे कुठे आली ते त्यांना कळेना. पण बाई इतक्या मायेने बोलत होत्या की 'मी गाडीबद्दल बोलतोय' हे वाक्य त्यांच्या तोंडातच राहिलं. थोडा वेळ राहू दे, असंही त्यांना वाटलं असावं.

तो थोडा वेळ फार महागात पडला! भोंगा वाजवत अँब्युलन्स दारात आली. दोन धट्टेकट्टे गडी स्ट्रेचर घेऊन उतरले, मागून एक तरुण डॉक्टरीणबाई.

"अहो, मला काही झालेलं नाही!" डॉक्टर ओरडले.

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही दातांचे डॉक्टर ना? लहानपणी माझी दाढ काढली होती तुम्ही. 'दुखणार नाही' म्हणाला होतात."

"मग?"

"दुखली होती. झोपा आता. हे दुखणार नाही."

डॉक्टर निमूट आडवे झाले. पट्टे आवळले गेले. छातीचा आलेख काढायला डॉक्टरीणबाई शर्टाची बटणं काढू लागल्या आणि त्यांचा हात डाव्या बाजूला थबकला. काहीतरी टणक लागलं.

"तुम्हाला पेसमेकर बसवलाय?"

"मला? नाही!"

"मग हे हृदयावर काय आहे?"

त्यांनी खिशात बोटं घातली आणि एक छोटा, तपकिरी, पितळी टोकाचा तुकडा बाहेर काढला. सगळे वाकून बघू लागले. डॉक्टरांनी मान उचलून बघितलं आणि पट्ट्यांसकट अर्धं स्ट्रेचर उचललं.

"रोटर! अहो, हा रोटर! हा खिशात आणि मी सकाळपासून ठिणगी शोधतोय! सोडा मला!"

"भ्रम होतोय त्यांना," बाई हळहळल्या.

आलेख काढल्याशिवाय काही कुणी सोडलं नाही. तो नवरदेवाच्या फेट्यासारखा झोकदार निघाला! मग डॉक्टर छातीवर चिकटलेल्या पांढऱ्या चकत्यांसह धावत गॅरेजात, मागे डॉक्टरीणबाई, मागे गडी, सर्वांत मागे बाई. झाकण काढलं, रोटर बसवला, झाकण लावलं, किल्ली फिरवली. बेडकी अशी काही गरजली की गाणाऱ्या बाईंनीसुद्धा दाद दिली, "वा! लागला सूर!"

मग खुलासे झाले. अँब्युलन्स गेली. बाई हसून हसून दमल्या, मग त्यांना क्लासची आठवण झाली आणि त्याही वर गेल्या. गॅरेज पुन्हा होतं तसं झालं. आपण ठणठणीत आहोत हे सांगायला डॉक्टरांनी मिठूला फोन लावला, तर तो बंद. वाटेत सगळ्यांना फोन करकरून तिची बॅटरी संपली होती.

दुपार कलली तेव्हा टॅक्सी दाराशी थांबली. मिठू रडून सुजलेले डोळे घेऊन आत धावली. बघते तर काय, बाबा उघड्या छातीने, अंगावर चकत्या चिकटवलेले, गाडीच्या मागे उभे राहून इंजिनला शाबासकी देताहेत!

"बाबा!"

"अगं मिठू! तू? आज? जेवलीस का?"

तिने आधी फोन चार्जिंगला लावला, तो निरोप काढला आणि लावला. डॉक्टरांनी स्वतःचा आवाज शेवटपर्यंत ऐकला. 'चालेल तितके दिवस' आलं तेव्हा त्यांनी खाली बघितलं.

"हे बेडकीबद्दल आहे," ते म्हणाले.

"मी पाच तास काय काय विचार केला, माहीत आहे तुम्हाला? टॅक्सीवाला बिचारा रडायला लागला माझ्याबरोबर!"

आणि ती अशी चिडली, अशी चिडली, की शेवटी हसायलाच लागली. हसता हसता स्वयंपाकघरात गेली. ओट्याजवळ एक ताट, एक वाटी, एक पेला. जेवायच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर जुने प्लग सुकत घातलेले. चारपैकी तीन खुर्च्यांवर गाडीचे जुने सुटे भाग नीट मांडून ठेवलेले, जणू पाहुणे बसलेत. मिठूचं हसू थांबलं. तिने एका खुर्चीवरचा जुना कार्ब्युरेटर उचलून खाली ठेवला आणि तिथे बसली.

"बाबा, खरं सांगा. गाडीचं सोडा. तुमचा ठोका चुकतो का कधी?"

डॉक्टरांनी चहाचं आधण ठेवलं होतं, त्यात त्यांनी साखर घातली.

"पॉइंट साफ केले, की चालतं सुरळीत," ते म्हणाले.

संध्याकाळी दोघं गॅरेजात होती. ठिणगी नेमक्या क्षणी पडावी म्हणून टायमिंग जमवायचं राहिलं होतं. मिठूने लहानपणी धरायची तसा टॉर्च धरला, डॉक्टर डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवू लागले. "अजून डावीकडे, बाबा. ऐका ना, आवाज बदलला!" तिला सगळं आठवत होतं. मधेच तिने गाणाऱ्या बाईंची ती हाक म्हणून दाखवली आणि दोघं इतकी हसली की वरून खिडकी उघडल्याचा आवाज आला. डॉक्टरांना वाटलं, बरं झालं निरोप चुकीच्या ठिकाणी गेला! आणि रविवार तर अजून यायचाच होता.

सकाळी मिठू बॅग भरत म्हणाली, "आता रविवारी नका हं येऊ, बाबा."

"का?"

"आता आलेच ना मी! भेट झालीच की. उगाच एवढं लांब गाडी कशाला दामटायची? पुढच्या महिन्यात बघू."

रविवारची भेट डॉक्टरांनी शुक्रवारीच उधळून टाकली होती, तीही स्ट्रेचरवर पडून!

"मग मी तुला आत्ता बेडकीतूनच सोडतो घरी! नातीलाही बघून होईल."

"माझं आगगाडीचं तिकीट आहे. दुपारी ऑफिसात पोचायचंय मला. स्टेशनवर सोडा फक्त."

डॉक्टरांनी किल्ली फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनापासून वाटत होतं, की बेडकीने सुरू होऊ नये. एक उचकी! एक धक्का! आगगाडी चुकेल एवढाच उशीर! पण बेडकी अर्ध्या किल्लीत सुरू झाली. शिवणयंत्रासारखी चालली. परवा जिथे तिचा जीव जात होता तो चढ गुणगुणत चढून गेली.

"काय सुंदर चालतेय!" मिठू म्हणाली. "मानलं तुम्हाला, बाबा!"

"हो ना," डॉक्टर दात ओठ खात म्हणाले.

स्टेशनवर आगगाडी वेळेत आली, तीही! मिठू खिडकीतून म्हणाली, "जपा. आणि निरोप पाठवताना चष्मा डोळ्यांवर घ्या!" डॉक्टरांनी हात हलवला. शेवटचा डबा वळणाआड गेल्यावरही थोडा वेळ हलवत राहिले, मग शेजारचा हमाल आपल्याकडे बघतोय हे लक्षात आल्यावर त्याच हाताने डोकं खाजवलं.

बाहेर येऊन बेडकीत बसले. किल्ली फिरवली. खर्र... फट्! पुन्हा फिरवली. खर्र... फटाक्!

"आता?" डॉक्टर ओरडले. "आता बंद पडतेस? अर्ध्या तासापूर्वी काय धाड भरली होती?"

उतरून त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि एका नजरेत सगळं कळलं. काल हसण्याच्या नादात डिस्ट्रिब्युटरचा नट आवळायचाच राहिला होता. गाडीच्या हादऱ्यांनी डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरून सरकला होता. सरळ करायचा, पान्याने नट आवळायचा, झालं! पाना हातातच होता.

तेवढ्यात तो मघाचा हमाल जवळ आला. त्याच्या मागून दोन टॅक्सीवाले आले. वर्तमानपत्र विकणारा म्हातारा आपलं दुकान सोडून आला.

"काय झालं, साहेब?"

"फार जुनी गाडी दिसते!"

"इंजिन मागे? बघू बघू!"

"घरी कुणी वाट बघत असेल ना तुमची? ढकलू का?"

डॉक्टरांनी त्या चार चेहऱ्यांकडे बघितलं. मग हातातला पाना हळूच पँटच्या मागच्या खिशात सरकवला, बाजूला सरकून सगळ्यांना जागा करून दिली, आणि अगदी गरीब चेहऱ्याने म्हणाले :

"काय झालंय कोण जाणे! मला काही कळतच नाही यातलं. तुम्हीच बघा बरं. सावकाश बघा, मला घाई नाही."